पोच

माझ्या एका कथेतले आजोबा शेवटच्या परिच्छेदात नातवाला दोन्ही हातांनी उचलून छातीशी घट्ट धरतात. ही कथा मी लेखकांच्या एका ऑनलाइन गटात टाकली आणि पाच दिवसांत ३८ प्रतिसाद आले. 'शेवट काळजाला भिडला.' 'शेवटी डोळे पाणावले.' 'निःशब्द.' लाल बदाम, टाळ्या, जोडलेले हात. एकाने तर तो शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा परत चिकटवून खाली नुसतं 'व्वा' लिहिलं होतं. सहाव्या दिवशी एका आयडीचा दोन ओळींचा प्रतिसाद आला. हा आयडी एरवी कायम रोमात असणारा, म्हणजे वाचून गुपचूप निघून जाणारा. त्याने विचारलं होतं, 'आजोबांचा डावा हात अर्धांगवायूने लुळा पडलाय असं दुसऱ्या परिच्छेदात आहे ना? मग शेवटी ते दोन हातांनी कसे उचलतात? की माझंच काही वाचायचं राहिलं?'

त्याचं काही राहिलं नव्हतं. मीच विसरले होते. दुसऱ्या परिच्छेदात तो हात मांडीवर पडून होता, चौथ्यात सून त्याला तेल चोळत होती, आणि शेवटी तोच हात उठून नातवाच्या पाठीवर आला होता. ३८ जणांचे डोळे नेमके जिथे पाणावले, तीच जागा मोडकी होती.

खरं सांगायचं तर आधी राग आला. एवढं वातावरण उभं केलंय आणि या माणसाला हात दिसला! राग ओसरल्यावर फाइल उघडली, चूक पाहिली आणि मग जरा जास्तच अप्रिय काम केलं. गेल्या महिनाभरात मी स्वतः इतरांना दिलेले प्रतिसाद उघडले. 'ओघवतं लिहिता.' 'नेहमीप्रमाणेच सुरेख.' 'पु.ले.शु.' एकूण २७ निघाले. त्यांतलं किती लिखाण मी शेवटपर्यंत वाचलं होतं याचा प्रामाणिक हिशेब करायला बसले आणि नऊवर थांबले.

मराठीत 'पोच' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पत्र मिळालं, पैसे मिळाले की त्याची पोच द्यायची. आणि कुठे काय बोलावं याचं भान एखाद्याला नसलं की 'त्याला पोच नाही' असं म्हणायचं. लिहिणाऱ्यांच्या गटांत एक वाद बारमाही चालतो: इथे कौतुक फार होतं, की इथे टीका फार होते? दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तो उकरून काढतं, दोन्ही बाजू आपापल्या जागी उभ्या राहतात, चार जण गट सोडून जातात आणि पुन्हा शांतता. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. प्रतिसाद गोड आहे की कडू, हे दुय्यम आहे. तो देणाऱ्याने वाचलंय का, आणि वाचल्याची पोच त्या प्रतिसादात आहे का, एवढंच मी बघते. पोच असेल तर कौतुकही उपयोगी पडतं आणि टीकाही. नसेल तर दोन्ही सारखीच पोकळ.

आधी कौतुकाची बाजू घेते, कारण हल्ली तिची टिंगल करणं फार सोपं झालंय. 'पु.ले.शु.' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा आणि 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. या अक्षरांवर विनोद करणारे पुष्कळ आहेत, मीही केलेत. पण जो क्रमशः लिहितो त्याला विचारा. चौथा भाग टाकल्यावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही की पाचवा किती जड होतो. त्या वेळी 'पुभाप्र' ही तीन अक्षरं म्हणजे अंधारात कुणीतरी खाकरल्यासारखं असतं. समोर माणूस आहे, एवढं कळतं. लिहिणं हे एकट्याने करायचं काम असलं तरी ते एकट्यापुरतं राहिलं तर बहुतेकांचं सुटून जातं.

इंग्रजी कादंबरीकार शार्लट ब्राँटीचं उदाहरण घ्या. १८३६च्या अखेरीस, वीस वर्षांची असताना, तिने आपल्या कविता इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांना पाठवल्या. मार्च १८३७मध्ये उत्तर आलं. कविता रचण्याची शक्ती तुझ्यात आहे, असं त्यांनी मान्य केलं. पण साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊ नये, असंही बजावलं. तिने ते पत्र ठेवून दिलं आणि वर लिहिलं की साउदींचा हा सल्ला कायम जपायचा आहे. दहा वर्षांनी, १८४७मध्ये, तिची 'जेन एअर' ही कादंबरी आली. मधल्या काळात तिला जे उपयोगी पडलं ते राजकवीच्या पत्रात नव्हतंच. ते घरात होतं. रात्री टेबलाभोवती येरझाऱ्या घालत तिघी बहिणी आपापलं लिखाण एकमेकींना वाचून दाखवत, मतं सांगत. गंमत अशी की बहिणींच्या शेऱ्यांमुळे आपण लिखाणात क्वचितच काही बदललं, असं शार्लटने एलिझाबेथ गॅस्केल यांना सांगितलं होतं. गॅस्केल यांनी १८५७च्या तिच्या चरित्रात ते नोंदवून ठेवलंय. म्हणजे इतकी वर्षं अभिप्राय मिळत होता आणि मजकूर जवळजवळ जसाच्या तसा राहत होता. मग त्या रात्रींचा उपयोग काय झाला? मला वाटतं, ऐकणारं माणूस मिळालं. आठवड्यातून एकदा-दोनदा वाचायचं आहे, दोघी ऐकणार आहेत, म्हणजे तेवढं लिहून तयार पाहिजे.

ऑक्सफर्डमध्ये १९३०-४०च्या दशकांत गुरुवारी रात्री लेखक सी. एस. लुईस यांच्या खोलीत आपलं लिखाण वाचायला जमणाऱ्या मंडळींचं तसंच. त्यांच्यातले एक, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन, यांनी पुढे एका पत्रात लिहिलं की लुईसचं माझ्यावरचं ऋण न फिटणारं आहे, पण ते प्रभावाचं नाही, निव्वळ प्रोत्साहनाचं आहे. बराच काळ तो माझा एकटाच श्रोता होता. या कबुलीत मला 'प्रोत्साहन'पेक्षा 'श्रोता' हा शब्द मोठा वाटतो. लुईसने पाठ थोपटली खरी, पण आधी कित्येक रात्री बसून ऐकलं. आपल्याकडे, म्हणजे पडद्यावरच्या गटांत, पाठ थोपटणं शिल्लक राहिलं आणि बसून ऐकणं गळून गेलं.

ते का गळालं, याचं कारण माणसं वाईट आहेत हे नाही. कारण हिशेब आहे. संस्कृतात एक सुभाषित आहे: उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसली आणि एकमेकांची तारीफ करू लागली, अहो रूपम्, अहो ध्वनिः! आपण ते नेहमी हसून सांगतो. पण त्या लग्नात उंटही खूश होता आणि गाढवंही खूश होती, हे कुणी लक्षात घेत नाही. म्हणून तर ही रीत मोडत नाही. मी तुमच्या तीन कवितांवर बदाम टाकले, तुम्ही माझ्या एकीवरही नाही, हे मनात नोंदलं जातं. कुणी उघड बोलत नाही, पण खातेवही प्रत्येकाकडे असते. मग त्यातून कंपू तयार होतात. कंपूतल्याची कविता आली की पहिल्या दहा मिनिटांत पाच जण हजर. बाहेरच्या कुणाची चांगली गोष्ट दोन दिवस तशीच पडून.

आणि ती पहिली दहा मिनिटं क्षुल्लक नसतात. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांवर तो केलेला होता. काही प्रतिक्रिया आल्या आल्या त्यांना एक खोटं अनुकूल मत देऊन टाकलं, काहींना खोटं प्रतिकूल मत, आणि बाकीच्या तशाच सोडल्या. ज्यांना ते एकच फुकटचं अनुकूल मत मिळालं, त्यांचं शेवटचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. उलट खोट्या प्रतिकूल मताचा परिणाम नंतरच्या वाचकांनी अनुकूल मतं देऊन पुसून टाकला. म्हणजे उगाच केलेल्या निंदेला लोक दुरुस्त करतात, उगाच केलेल्या स्तुतीत मात्र आपली भर घालतात. माझ्या आजोबांच्या बाबतीत तेच झालं असणार. पहिल्या तिघांनी 'शेवट' म्हटलं, आणि उरलेले ३५ जण थेट शेवटाकडेच गेले.

आता दुसरा पक्ष. यांना 'परखड' हा शब्द फार आवडतो. 'मी तोंडावर बोलतो, गोड गोड जमत नाही' अशी प्रस्तावना करून हे सुरुवात करतात आणि 'निंदकाचे घर असावे शेजारी' हे वाक्य ढालीसारखं पुढे धरतात. (त्या वाक्यात निंदकाचं घर शेजारी आहे, आपल्या बैठकीत नाही, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) माझी यांच्याबद्दलची तक्रार ते कठोर असतात ही नाही. ते बऱ्याचदा वाचतच नाहीत, ही आहे. पहिला परिच्छेद बघायचा, लेखकाचा वकूब ठरवायचा आणि मग वकुबावर बोलायचं.

अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवर तोवर झालेले शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी बघितली तर अभिप्रायाने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण प्रत्येक गटाच्या दारावर लावण्याजोगं आहे: अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे जाऊ लागलं, की त्याचा उपयोग घटत जातो. 'या वाक्यातला कर्ता हरवलाय' म्हटलं तर मी वाक्य बघते. 'तुम्हाला भाषेची जाणच नाही' म्हटलं तर मी आरशात बघते.

कौतुकालाही हे तितकंच लागू आहे, आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींना 'तू हुशार आहेस' म्हणून शाबासकी दिली आणि काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हणून. पुढे अवघड उदाहरणं आल्यावर हुशार ठरवलेली मुलं लवकर कच खाऊ लागली. मला एकदा एका सदस्याने 'शब्दांची राणी' म्हटलं होतं. पुढची कथा लिहायला मला सात महिने लागले. राणीला शोभेल असं एकही वाक्य सुचेना.

एक छोटा प्रसंग जवळून दाखवते. एका नव्या लेखिकेने कथा टाकली होती. तीत एका बाईला फोनवर भाऊ गेल्याचं कळतं. मजकूर साधारण असा होता: 'फोन ठेवून तिने नळ पुन्हा सुरू केला. उरलेली ताटं विसळली. आणि मग तिच्या डोळ्यांतून अश्रूंचा महापूर लोटला.' खाली तीन प्रतिसाद आले. पहिला: 'खूपच हृदयस्पर्शी!' दुसरा: 'महापूर वगैरे घासून गुळगुळीत झालेलं आहे. वाचन वाढवा.' तिसरा: 'ताटं विसळली तिथे मला गलबलून आलं. महापूर आला आणि मी कोरडी झाले.'

दुसरा आणि तिसरा, दोघांनीही बोट ठेवलं ते एकाच वाक्यावर. दुसऱ्याचं म्हणणं चूकही नव्हतं. तरी त्याच्या खाली चाळीसेक उत्तरांची हाणामारी झाली: नवोदितांशी असं बोलावं का, तुम्ही स्वतः काय मोठं लिहिलंत, वगैरे. त्या गदारोळात महापूर आपल्या जागी तसाच राहिला असता. पण तिसरा प्रतिसाद वाचून लेखिकेने त्याच रात्री ते वाक्य काढून टाकलं. त्या तिसऱ्या बाईने नियम सांगितला नाही, शिकवलं नाही, लेखिकेची लायकी मोजली नाही. वाचताना आपल्याला कुठे काय झालं, एवढं सांगितलं. यात कौतुकही आलं, कारण ताटं विसळण्याची ती ओळ किती भारी आहे हे त्या लेखिकेला तोवर ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं की खरं काम महापूरच करतोय.

आणखी एक जात आहे, दुसऱ्याची कविता स्वतःच्या हाताने परत लिहून देणाऱ्यांची. 'मी असतो तर असं लिहिलं असतं' म्हणून खाली आख्खी नवी कविता. हे लोक नेहमी कवी एझ्रा पाउंडचं नाव घेतात. पाउंडने कात्री चालवली म्हणून टी. एस. इलियटची १९२२ची 'द वेस्ट लँड' ही कविता झाली, हे खरंच आहे. पाउंडच्या खुणांसह ते खर्डे १९७१मध्ये छापूनही आले. पण इलियटने खर्डे त्याच्या हाती आपणहून दिले होते आणि पुढे कविता त्यालाच अर्पण केली. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरची गोष्ट मात्र ही मंडळी सांगत नाहीत. त्याच्या १९८१च्या कथासंग्रहाचं हस्तलिखित संपादक गॉर्डन लिशने निम्म्याहून अधिक कापलं. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हरने त्याला पत्र लिहून अक्षरशः गयावया केली की हे पुस्तक थांबव. पुस्तक आलं, गाजलंही. कार्व्हरने लिहिल्या होत्या तशा कथा वाचायला वाचकांना २००९ साल उजाडावं लागलं. कापलेलं चांगलं झालं की वाईट, यावर आजही भांडता येईल. पण पत्र लिहिणाऱ्या माणसाला ते आपलं वाटत नव्हतं.

मग गट चालवणाऱ्यांनी करायचं काय? 'छान'वर बंदी घालणं हा मूर्खपणा आहे. किमान १०० शब्दांचा प्रतिसाद सक्तीचा करणं हा त्याहून मोठा. मी तो नियम एका ठिकाणी जवळून पाहिलाय. लोक लेखकालाच त्याच्या कथेचा सारांश सांगू लागले, कारण शब्द भरायला तो सगळ्यांत सोपा मार्ग. मला पटणारा नियम जुनाच आहे. १९९५पासून चालत आलेल्या क्रिटर्स या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या ऑनलाइन कार्यशाळेत स्वतःचं लिखाण पुढे जायला हवं असेल, तर साधारण चारपैकी तीन आठवडे दुसऱ्या कुणाच्या तरी लिखाणावर अभिप्राय द्यावा लागतो. स्क्रिबोफाइल या गटात इतरांचं तपासून गुण मिळवायचे आणि ते खर्चून आपलं टाकायचं, अशी व्यवस्था आहे. आधी वाचा, मग टाका.

यावर 'ही तर वेठबिगारी झाली' अशी ओरड हमखास होते. पण फायदा कुणाचा होतो ते बघा. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी लेखन शिकणाऱ्या परभाषी विद्यार्थ्यांचे दोन भाग केले होते. एका भागाने फक्त इतरांच्या निबंधांवर अभिप्राय द्यायचा, दुसऱ्याने फक्त मिळालेले अभिप्राय वापरायला शिकायचं. सत्राच्या शेवटी देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेलं होतं. मला यात नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या कथेत लुळा हात उठलेला पटकन दिसतो. दहा कथांत तो पाहिल्यावर अकराव्या वेळी, आपल्याच कथेत, बोट आपोआप थबकतं.

त्याखेरीज मी आकडे झाकीन. पहिले तीन दिवस किती जणांना आवडलं हे लेखकालाही दिसू नये आणि वाचकालाही. फेसबुकवर लाइकचं बटण फेब्रुवारी २००९मध्ये आलं; त्याआधीही 'वाचलं' असं सांगणारी माणसं होती आणि त्यांना निदान एक शब्द टाइप करावा लागत होता. आणि प्रतिसादात निदान एक वाक्य असं असावं की जे ते लिखाण न वाचता लिहिता येणारच नाही. हा नियम लेखी करता येत नाही हे मला कळतं. पण रीत म्हणून पाडता येते. गटात चार जणांनी तसं लिहायला सुरुवात केली की पाचव्याला नुसतं 'अप्रतिम' टाकायला थोडं ओशाळवाणं वाटतं.

लेखकानेही तोंड उघडायला हवं. १५ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने टॉमस हिगिन्सन या तोवर कधीही न भेटलेल्या गृहस्थांना चार कविता पाठवल्या आणि विचारलं की माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला तुम्हाला सवड आहे का? इतका नेमका प्रश्न मी आजवर कुठल्याही गटात पाहिलेला नाही. आपण 'प्रथमच प्रयत्न करत आहे, सांभाळून घ्या' असं लिहितो, लोक सांभाळून घेतात आणि मग आपणच कुरकुरतो की कुणी खरं बोलत नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. गटातल्या कित्येकांना पुस्तक काढायचं नसतं, नाव कमवायचं नसतं. दिवसभराच्या कामातून वेळ काढून चार ओळी लिहाव्यात, चार ओळखीच्यांनी त्या बघाव्यात, बस. त्यांच्यावर कार्यशाळा लादायची? नको. कुणी वर 'फक्त वाचायला' असं लिहिलं तर त्यात चुका काढू नयेत. पण 'फक्त वाचायला' म्हणणाऱ्यालाही ते वाचलं जावं असं वाटतंच ना? आमच्या गटात सत्तरीच्या एक बाई आहेत. रोज एक कविता टाकतात, रोज वीस-पंचवीस बदाम मिळतात. एकदा मी त्यांना विचारलं, 'तुमच्या गेल्या पाच-सहा कवितांत खिडकी नेहमी बंदच का असते?' त्यांनी भलं मोठं उत्तर लिहिलं. ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्याची सुरुवात 'कुणाला तरी दिसली म्हणायची' अशी होती.

आता या सगळ्यात यंत्र, म्हणजे एआय, आलंय. आजोबांच्या हाताची चूक ते काही क्षणांत दाखवील, आणि चार परिच्छेदांचा सविस्तर अभिप्रायही लिहून देईल. म्हणजे मी जिला पोच म्हणते तिची नक्कल करता येऊ लागली आहे. असे प्रतिसाद गटात दिसायला लागलेत आणि ते ओळखू येतात: आधी कौतुक, मग तीन मुद्दे, प्रत्येकाला उपमथळा, शेवटी शुभेच्छा. पोस्ट करण्याआधी चुका शोधायला ते कुणी वापरलं तर माझी हरकत नाही. मी स्वतः वापरते. दुसऱ्याच्या लिखाणाखाली ते आपलं म्हणून चिकटवणं मात्र मला 'निःशब्द'पेक्षाही वाईट वाटतं. 'निःशब्द'मध्ये निदान माणूस दोन सेकंद तिथे असतो.

शिवाय यंत्राला एक गोष्ट येत नाही, आणि नेमकी तीच मला वाचकाकडून सगळ्यांत जास्त हवी असते. त्याला कंटाळा येत नाही. माझं तिसरं पान कितीही रटाळ असो, ते तितक्याच तन्मयतेने पुढे जातं. माणूस तसं करत नाही. एका मैत्रिणीने माझ्या खर्ड्याच्या समासात लिहिलं होतं, 'इथे मी उठून मेल बघून आले.' त्या एका ओळीमुळे मी दीड पान उडवलं. ही कबुली द्यायला धीर लागतो आणि ती ऐकून घ्यायला त्याहून जास्त. ऑक्सफर्डच्या त्या मंडळीत ह्यूगो डायसन नावाचे गृहस्थ होते. त्यांना टोल्किनचं वाचन इतकं नकोसं झालं होतं की पुढेपुढे ते हजर असले की टोल्किन वाचेनासे झाले. कंटाळा त्यांनाही आला होता. पण तो कुठे आला, कुठल्या पानावर, कुठल्या वाक्यापाशी, हे त्यांनी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या कथेचं पुढे असं झालं. आजोबांचा हात बरा करून टाकावा असं आधी वाटलं. दुसऱ्या परिच्छेदातली दोन वाक्यं काढली की काम भागत होतं. चौथ्यातलं तेलही गेलं असतं. पण ते तेल मला सोडवेना. मग शेवटच लिहून पाहिला. आजोबा एकाच हाताने उचलायला जातात, जमत नाही, नातू घसरायला लागतो आणि मग तोच त्यांच्या गळ्याला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारतो. त्या गडबडीत एक चप्पल खाली पडते. एवढंच.

हा दुसरा खर्डा टाकला तेव्हा सहा प्रतिसाद आले. त्यांतला एक त्या रोमातल्या आयडीचा होता: 'आता वजन जाणवतं. पण चप्पल कुणाची पडली, आजोबांची की नातवाची?'

मी अजून ठरवलेलं नाही.